व्हायब्राफोन ऐकायचा असेल तर आधी पियानोकडे कान द्या

तुमचे प्रश्न दोन आहेत. व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) आणि पियानो दोन्ही असलेली बीबॉपची, म्हणजे १९४०च्या दशकातल्या नव्या जॅझची, सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज कोणती ऐकावीत, हा पहिला. आणि ही दोन वाद्यं एकत्र आली की खिचडी का वाटते, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर सापडलं की पहिल्याची यादी आपोआप लागते, म्हणून उलट्या क्रमाने लिहितो.

खिचडी वाटते यात तुमच्या कानाचा दोष नाही. व्हायब्राफोनचे तीन सप्तकांचे सूर पियानोच्या मधल्या-वरच्या पट्ट्यांवरच येऊन बसतात. दोन्हींवर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजतात आणि दोन्हींना पेडल आहे. त्यात मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीचा दबका आवाज. गवयाच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी पेटी बसवलीत तर काय होईल, तसंच हे. माझ्याकडे पहिली कॅसेट आली तिच्यावर वादकांची नावंच नव्हती. व्हायब्राफोनचा सोलो संपून पियानोचा कधी सुरू झाला हे मला कित्येक महिने कळत नव्हतं.

ओळखायची खूण लांब सुरात आहे. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांखाली नळ्या असतात, त्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या असतात आणि त्यामुळे सूर हेलकावतो. व्हायब्राफोनवादक लायनेल हॅम्प्टनची मोटर सेकंदाला दहाच्या आसपास फेरे घ्यायची, त्याच्यानंतरच्या मिल्ट जॅक्सनने ती तीन-सव्वातीनवर आणली असं सांगतात. कानाला फरक लगेच कळतो: हॅम्प्टनचा सूर थरथरतो, जॅक्सनचा गळ्यातून आल्यासारखा हलतो. जॅक्सन डेट्रॉइटला तरुणपणी गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, गायचा, ते इथे ऐकू येतं. तिसरा व्हायब्राफोनवादक रेड नॉर्वो मोटर बंदच ठेवायचा. त्याचा सूर सरळ आणि कोरडा, म्हणून पियानोशी सगळ्यात जास्त गल्लत त्याचीच होते.

आता मुख्य गोष्ट. ही रेकॉर्डिंग्ज ऐकताना व्हायब्राफोनच्या मागे लागू नका, पियानोवाला त्याच्याखाली काय करतो ते ऐका. बीबॉपमध्ये नेमकं काय बदललं ते तिथे सापडतं.

आधीचा नमुना म्हणजे १९३६पासूनचा बेनी गुडमनचा चौकडा: क्लॅरिनेट, हॅम्प्टन, टेडी विल्सनचा पियानो आणि जीन क्रुपाचे ड्रम. बास नाही. त्यामुळे विल्सनचा डावा हात सतत कामाला, खालची बाजू त्यालाच धरायची. बीबॉपमध्ये बासवाला प्रत्येक मात्रा चालवतो, ड्रमर ठेका झांजेवर नेतो, आणि पियानोवाल्याचा डावा हात मोकळा होतो. तो हात गप्प बसायला शिकला तेव्हाच व्हायब्राफोनला जागा मिळाली.

म्हणून पहिलं ऐका ६ जून १९४५चं रेड नॉर्वोचं सत्र, कॉमेट कंपनीचं. बीबॉपचे दोन म्होरके, सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवर डिझी गिलेस्पी, आहेत, पण पियानोवर टेडी विल्सनच. नवे आणि जुने एकाच खोलीत. तबकड्या बारा इंची, म्हणून नेहमीच्या तीन मिनिटांपेक्षा थोडी जास्त जागा मिळाली. ‘काँगो ब्लूज’मध्ये डिझी आणि पार्कर सुसाट सुटतात आणि विल्सन त्यांच्याखाली शांतपणे आधीच्या जमान्यातला स्विंगच वाजवत राहतो. हे बीबॉप म्हणावं का यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मी म्हणेन, अर्धं. ‘स्लॅम स्लॅम ब्लूज’ मात्र सोडू नका, स्लॅम स्टुअर्ट बास गजाने वाजवताना वरच्या सप्तकात गुणगुणतो ते ऐकण्यासाठी तरी.

दुसरा टप्पा जॅक्सनचा, आणि त्याचं येणंही मजेशीर. १९४५च्या डिसेंबरात डिझी हॉलिवूडला बिली बर्गच्या क्लबात वाजवायला गेला. करार पाच जणांचा, पण पार्कर रोज वेळेवर उगवेल याची खात्री नाही, म्हणून डिझीने सहावा माणूस नेला: बावीस वर्षांचा मिल्ट जॅक्सन. भीती खरी ठरली. ७ फेब्रुवारी १९४६ला डायल कंपनीसाठी ग्लेनडेलला रेकॉर्डिंग झालं तेव्हा पार्कर आलाच नाही, आणि ‘कन्फर्मेशन’ ही त्याची रचना त्याच्याविनाच तबकडीवर गेली. दोन आठवड्यांनी, २२ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टरसाठी ‘अ नाइट इन ट्युनिशिया’, ‘अँथ्रोपॉलॉजी’ आणि आणखी दोन. दोन्ही सत्रांत पियानोवर अल हेग. हा माणूस फारसा कुणाच्या तोंडी नसतो, पण साथ कशी करावी ते त्याच्याकडून शिकावं. दोन-तीन सुरांचा टोला, मग बाजूला. जॅक्सनच्या दोन वाक्यांमध्ये श्वासाएवढी फट असते, तिथे हेग येतो आणि नसल्यासारखा निघून जातो. एकाच म्यानात दोन तलवारी राहिल्या त्या अशा.

तिसरा टप्पा माझ्या मते या सगळ्यातला सर्वात मोठा: पियानोवादक थेलोनियस मंकचं ब्लू नोट कंपनीसाठीचं २ जुलै १९४८चं सत्र. त्या वर्षी वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला होता, तरीही हे झालं. ट्रम्पेट नाही, सॅक्सोफोन नाही. समोर जॅक्सन, मागे बासवर जॉन सिमन्स आणि ड्रमवर शॅडो विल्सन. म्हणजे झाकायला काही नाही. ‘मिस्टिरिओसो’ लावा. साधा ब्लूज, थीम पायऱ्या चढल्यासारखी सम अंतरांनी वर-खाली जाते. मग जॅक्सन सोलो घेतो, अगदी मोकळा, गाणारा. खाली मंक त्याला उशी देत नाही. दोन सुरांमधली आडमुठी अंतरं एकेक करून ठेवत जातो, जणू त्याची स्वतःची वेगळीच रचना चाललीय. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, हा माणूस साथ करतोय की अडवतोय? चौथ्यांदा ऐकताना लक्षात येतं की जॅक्सन इतका सैल वाजवू शकतो कारण मंकने जागा स्वच्छ ठेवलीय. याच सत्रातलं ‘एव्हिडन्स’ त्यानंतर ऐका. ते ‘जस्ट यू, जस्ट मी’ या जुन्या गाण्याच्या कॉर्डवर उभं आहे, पण मूळ गाणं ओळखू आलं तर मला सांगा.

पियानोवादक जॉर्ज शिअरिंगचा उल्लेख करायलाच हवा, कारण त्याने अगदी उलट उपाय काढला. १७ फेब्रुवारी १९४९चं ‘सप्टेंबर इन द रेन’. जागा सोडायचीच नाही, दोन्ही वाद्यं चिकटवूनच टाकायची. पियानोच्या कॉर्डमधला सगळ्यात वरचा सूर मार्जी हायम्सच्या व्हायब्राफोनवर, तोच एक सप्तक खाली चक वेनच्या गिटारवर. कट्टर मंडळी याला गोडमिट्ट म्हणून नाक मुरडतात. मीही बरीच वर्षं मुरडलं. पण हायम्सचा नेमकेपणा कान देऊन ऐका, तिन्ही वाद्यं एका बोटाने वाजवल्यासारखी येतात. टेरी गिब्ज आणि टेडी चार्ल्स या व्हायब्राफोनवादकांकडे सावकाश वळलात तरी चालेल.

शेवटी ७ एप्रिल १९५२, ब्लू नोट, ‘बॅग्ज ग्रूव्ह’ पहिल्यांदा. जॅक्सन, पियानोवर जॉन लुइस, बासवर पर्सी हीथ, ड्रमवर केनी क्लार्क, म्हणजे मॉडर्न जॅझ क्वार्टेटची चौघं, आणि वर लू डोनाल्डसनचा आल्टो सॅक्सोफोन. लुइस हेगसारखा टोले देत नाही आणि मंकसारखा अडतही नाही, जॅक्सनच्या खालून एक बारीक वेगळी सुरावट चालवतो. हे ऐकून झालं की लगेच तीच रचना ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने २४ डिसेंबर १९५४ला वाजवली ती लावा. पियानोवर मंक, व्हायब्राफोनवर जॅक्सनच. माइल्सने आपल्या सोलोमागे मंकला वाजवू नकोस म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे तेवढा वेळ पियानो पूर्ण गप्प आहे. जॅक्सनचा सोलो सुरू होताच मंक परत येतो. तो येतो ती जागा हेडफोन लावून पकडा. ती सापडली की ‘काँगो ब्लूज’ पुन्हा लावा आणि विल्सनचा डावा हात मोजा.