वाचकांचे प्रश्न : खाजणातली शिळा

प्रश्न : स्कॉटलंडात एका चेटकिणीला समुद्रात पुरली होती, असं नातीने मोबाइलवर वाचून दाखवलं. तिकडे तर म्हणे चेटकिणींना जाळायचे, मग हिला का नाही जाळली? आणि आमच्या पुळणीत पुरलेलं उधाणाला वर येतं, तिथे प्रेत राहिलं कसं?
— एक आजी, वेळास

उत्तर : आजी, शंका रास्त आहे. पुळणीच्या वाळूत राहिली नसती; ती खाजणात, म्हणजे खाडीच्या चिखलात पुरली. बाईचं नाव लिलियास एडी, गाव टॉरीबर्न, फोर्थच्या खाडीकाठी. ओहोटीला तिथेही चिखल उघडा पडतो.

साल १७०४. शेजारीण आजारी पडली आणि तिने हिचं नाव घेतलं. (इतकं पुरतं. आमच्या वाडीत कडेच्या घरातली विधवा होती, तिच्या हातचं जांभूळसुद्धा आई आम्हाला घेऊ देत नसे. कुणाचीशी म्हैस आटली होती, एवढंच कारण.) पाद्री नि पंचांनी लिलियासला कोंडून चौकशी केली. सैतानाला भेटले, हे तिने कबूल केलं. पण सोबतच्या बायका कोण, असं विचारल्यावर म्हणाली, त्या बड्या घरच्या बायकांसारखी तोंडं झाकून येत, ओळखू कशी? मला ही बाई इथे आवडते. एकेक नाव म्हणजे आणखी एकेक कोठडी, हे तिला कळत असणार.

खटला उभा राहण्याआधीच ती कोठडीत वारली. जाळायचं ते शिक्षा झाल्यावर, म्हणून ते राहिलं. देवळाच्या आवारात जागा मिळणं शक्यच नव्हतं. मग भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात, ना धड जमीन ना धड समुद्र, लाकडी पेटीत पुरली. सैतानाने प्रेत उठवू नये म्हणून वर भलीमोठी शिळा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या चिखलात आणि त्या शिळेत आहे.

शिळेला लाटा नाही हलवू शकल्या, माणसांनी हलवली. एकोणिसाव्या शतकात हौशी संग्राहकांनी हाडं उकरून नेली. पेटीच्या लाकडाची काठी करून ती पोलादाचा बडा उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी याला भेट दिली! कवटी सेंट अँड्र्यूजच्या विद्यापीठात होती, पुढे तीही हरवली. तिचे जुने फोटो तेवढे उरले; त्यांवरून २०१७ साली डंडी विद्यापीठाने चेहरा घडवला. नातीला तो दाखवायला सांगा. सुरकुतलेला, साधा चेहरा आहे.

शिळा मात्र २०१४ मध्ये पुन्हा सापडली. बघायची तर ओहोटीची वेळ गाठावी लागते.