ग्लेशियरवर सापडलेला पत्रा घरी आणलाय, आता काय करू?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे जूनमध्ये तुम्ही चौघं इंदूरहून हिमाचलमधल्या लाहौलला गेलात, बातलच्या वरच्या अंगाला ग्लेशियरच्या तोंडाशी दगडगोट्यांत हातभर लांबीचा रिव्हेट मारलेला पत्रा सापडला, तो तू सॅकला बांधून घरी आणलास, आता आई म्हणते मेलेल्या माणसांची वस्तू घरात नको, आणि तुला हवंय की विमान कोणतं, पत्रा ठेवला तर चालेल का, आणि इतक्या वर्षांनी हे बर्फातून वर आलंच कसं. बरोबर ना?

आधी मीच तुला विचारतो. नक्की कुठे सापडला? "बातलच्या वर" हे उत्तर नाही भिया, ते म्हणजे राजवाड्यावर कुठेतरी पाकीट पडलं म्हणण्यासारखं झालं. ग्लेशियरच्या कोणत्या काठाला, बर्फावर होता की खाली मोरेनच्या, म्हणजे ग्लेशियरने आणून टाकलेल्या, दगडांत, एकटाच होता की आजूबाजूला आणखी तुकडे होते, कोणती बाजू वर होती. आठवत असेल तर आज रात्रीच लिहून काढ, बाकी तिघांकडूनही वेगवेगळं लिहून घे, एकत्र बसून नको, नाहीतर जो जोरात बोलतो त्याचंच सगळ्यांना आठवतं.

हे एवढं मागे लागून सांगतोय कारण हा गाढवपणा मी स्वतः केलाय. नव्वदच्या दशकात पुण्याच्या मामेभावाबरोबर जुन्नरकडे निमगिरी-हडसर करायला गेलो होतो. त्या भागात ७ जुलै १९६२ ला मध्यरात्री अलिटालिया या इटालियन कंपनीचं डीसी-८ प्रवासी विमान डोंगरावर आदळलं होतं, सिडनीहून रोमला चाललेलं, मुंबईला उतरणार होतं, ९४ माणसं होती आणि एकही वाचलं नाही. उतरताना डोंगरात मला एक वाकडातिकडा धातूचा तुकडा दिसला, उचलला, आणि पुढची दहाएक वर्षं तो रामबागेतल्या आमच्या शोकेसमध्ये टीव्हीशेजारी विराजमान होता, आल्यागेल्याला मी "विमानाचा तुकडा" म्हणून दाखवायचो. एकदा एअरफोर्समधून रिटायर झालेले एक काका आले, उलटसुलट करून बघितला आणि एवढंच विचारलं, कुठे मिळाला? मला सांगता येईना. डोंगराच्या कोणत्या अंगाला, कोणत्या वाटेवर, काहीच नाही. ते शांतपणे म्हणाले, मग हा पाण्याच्या पंपाचाही असू शकतो. बायको अजून त्याला पंपच म्हणते. जागा हरवली की तुकडा भंगार होतो, किलोवर विकायचा.

आता वर आलंच कसं. ग्लेशियर म्हणजे गोठलेली नदीच, फक्त हळू चालते. विमान वरच्या बाजूला पडतं, तिथे दरवर्षी बर्फ साचतो, म्हणून ते झाकलं जातं आणि शोधणाऱ्यांना वरून काही दिसत नाही. मग तो बर्फ सगळं पोटात घेऊन खाली सरकत राहतो आणि खालच्या भागात, जिथे साचण्यापेक्षा वितळणं जास्त, तिथे एकेक वस्तू उघडी पडते. म्हणजे तुला जिथे पत्रा मिळाला तिथे विमान पडलेलं नाही, ते वर कुठेतरी पडलं आणि पत्रा इतकी वर्षं चालत तुझ्यापर्यंत आला. म्हणूनच जागा महत्त्वाची, ती कळली तर बर्फ कुठून कुठे वाहतो ते बघून उलट्या दिशेने वर शोधत जाता येतं.

याचं एक जबरदस्त उदाहरण अँडीजमध्ये आहे. २ ऑगस्ट १९४७ ला स्टार डस्ट नावाचं ब्रिटिश विमान ब्यूनोस आयर्सहून सँटियागोला जाताना गायब झालं, ११ माणसं होती. शेवटचा मोर्स संदेश "स्टेन्डेक" असा विचित्र शब्द, त्याचा अर्थ आजतागायत लागला नाही, त्यामुळे परग्रहवासी वगैरे सगळं लोकांनी जोडून घेतलं. १९९८ ला तुपुंगातो शिखराच्या ग्लेशियरवर दोन गिर्यारोहकांना इंजिन दिसलं, २००० मध्ये आर्जेंटिनाचं लष्कर वर गेलं, तर एका चाकाच्या टायरमध्ये हवा शाबूत! त्या उंचीवर समोरून जोराचा जेट स्ट्रीम वारा होता, त्या काळी पायलट लोकांना त्याची फारशी माहिती नव्हती, त्यामुळे विमानाचा खरा वेग त्यांच्या हिशोबापेक्षा बराच कमी पडला आणि डोंगर ओलांडला असं समजून ते ढगांतच खाली उतरायला लागले.

आणि गंमत बघ (गंमत कसली म्हणा), जुन्नरचं विमानही विमानतळ जवळ आलाय समजून वेळेआधी खाली आलं होतं. आपल्या एअर इंडियाचं कांचनजंगा नावाचं विमान, २४ जानेवारी १९६६, आल्प्समधलं माँ ब्लाँ शिखर, ११७ माणसं, ज्यात होमी भाभा होते, तेही तसंच. विमानातलं दिशा दाखवणारं एक यंत्र बंद होतं, जमिनीवरच्या कंट्रोलरने माँ ब्लाँपासून किती अंतरावर आहात ते सांगितलं आणि पायलटने त्याचा अर्थ शिखर मागे पडलं असा घेतला. भाभांच्या नावावर कटाच्या कहाण्या दर पावसाळ्यात बेडकासारख्या वर येतात, आपल्याकडे चहाच्या टपरीवर तर प्रत्येकाकडे आतली खबर असते, पण माझं विचारशील तर ढग, डोंगर आणि चुकलेला अंदाज एवढं पुरेसं असतं.

त्याच डोंगरावर ३ नोव्हेंबर १९५० ला एअर इंडियाचंच मलबार प्रिन्सेस पडलं होतं, ४८ माणसं. दोघांचे अवशेष बोसाँ ग्लेशियरमधून खाली येतात, त्यामुळे तिथे काही सापडलं की आधी हे १९५० चं की १९६६ चं ते ठरवावं लागतं. २०१२ मध्ये भारत सरकारची डिप्लोमॅटिक डाक असलेली एक बॅग मिळाली, आत वर्तमानपत्रं, कॅलेंडर. २०२० मध्ये इंदिराबाई पंतप्रधान झाल्याच्या बातमीचे पेपर मिळाले, वाचता येतील असे! २०१३ मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला पाचू, नीलम, माणिक भरलेली पेटी मिळाली, त्याने ती सरळ पोलिसात दिली. वारस काही सापडले नाहीत, म्हणून २०२१ मध्ये निम्मे खडे त्याला आणि निम्मे शामोनी गावाला मिळाले, प्रत्येकी साधारण दीड लाख युरोंचे. तुझ्या पत्र्याचे कोणी दीड रुपये देणार नाही, पण त्याने पहिल्या दिवशी केलं ते तू आता करायचंस.

लाहौलचं म्हणशील तर तिथला मोठा अपघात म्हणजे हवाई दलाचं एएन-१२, सोव्हिएत बनावटीचं मालवाहू विमान. ७ फेब्रुवारी १९६८, चंदीगडहून लेहला निघालं, हवामान बिघडल्यामुळे मागे फिरलं आणि रोहतांगच्या आसपास संपर्क तुटला, १०२ जण. २००३ मध्ये मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या मोहिमेला ढाका ग्लेशियरवर अवशेष मिळाले. २०१८ मध्ये चंद्रभागा-१३ शिखरावर कचरा साफ करायला गेलेल्या लोकांना एका जवानाचा देह मिळाला, २०१९ मध्ये सुमारे ५,२४० मीटरवर इंजिन, प्रोपेलर, कॉकपिटचा दरवाजा मिळाला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चार देह, म्हणजे ५६ वर्षांनी. बरेच जण अजून वरच आहेत. तुझा पत्रा त्याचाच आहे असं मी फोटोवरून म्हणणार नाही, पण भाग तोच आहे हे लक्षात घे. तुझी आई म्हणते त्यात तथ्य आहे असं मला वाटतं, अपशकुन वगैरे सोड, पण कोणाच्या तरी घरी अजून वाट बघणारं माणूस असू शकतं.

पत्रा ओळखायचा तर आधी चुंबक लाव, चिकटलं तर बहुतेक विषय संपला, ते ग्रेफवाल्यांचं, म्हणजे तिथले रस्ते बांधणाऱ्यांचं, डांबराचं पिंप असणार. नाही चिकटलं तरी हुरळून जाऊ नकोस, बसची बॉडीसुद्धा अ‍ॅल्युमिनियमची आणि रिव्हेट मारलेलीच असते आणि त्या रस्त्यावर बस दरीत जाणं नवीन नाही. मग तिरका टॉर्च मारून दोन्ही बाजू बघ. छापील किंवा ठोकलेली अक्षरं दिसली आणि ती रशियन लिपीत असली तर सोव्हिएत बनावट, म्हणजे एएन-१२ ची शक्यता बरीच वाढली. "अलक्लॅड २४ एस-टी" असा शिक्का दिसला तर अमेरिकन पत्रा आणि जुना, कारण १९५४ नंतर त्या मिश्रधातूला चार आकडी नंबर आला. असे पत्रे अरुणाचलच्या डोंगरात, दुसऱ्या महायुद्धात आसामहून चीनला सामान नेणारी विमानं पडली तिथे मिळतात, २०२३ मध्ये पासीघाटला त्याचं म्युझियमही झालंय. पार्ट नंबर मिळाला तर सोनं, पण तो भागाचा नंबर असतो, विमानाचा नाही, एकसारख्या शंभर विमानांवर तोच असू शकतो. आणि कृपा करून ब्रासो लावू नकोस, घासू नकोस, असलेली शाई पण जाईल.

ठेवायचा का? नाही. लष्करी विमान असेल तर कितीही वर्षं झाली तरी माल सरकारचा. सगळ्यांच्या आठवणी, फोटो आणि मोबाईलमधलं लोकेशन (नेटवर्क नसलं तरी फोनचा जीपीएस चालतो, फोटोच्या डिटेल्समध्ये बघ, बहुतेक असेल) असं एकत्र करून मनालीच्या संस्थेला आणि केलाँग पोलिसांना पाठव, पत्रा कुठे जमा करायचा ते तेच सांगतील. सरळ आपल्या इथल्या ठाण्यात गेलास तर ड्यूटीवरचा हवालदार आधी विचारेल चोरी कुठून केली, मग अर्धा दिवस गेला समज. महूला कोणी फौजी ओळखीचं असेल तर त्याच्यामार्फत पत्र नीट लिहून घे.

पुढच्या वेळी असं काही दिसलं तर हात लावायचा नाही, शेजारी काठी किंवा बाटली ठेवून फोटो, लोकेशन, आणि चालू पडायचं. हाडं किंवा कपडे दिसले तर फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, जवळच्या चौकीला सांगायचं. लष्करी विमानात दारूगोळा असू शकतो, तो म्हातारा झाला म्हणून शहाणा होत नाही. अंधारात चमकणाऱ्या जुन्या डायलवर रेडियमचा रंग असायचा, ते तर खिशात अजिबात नको. आणि "आणखी मिळेल" म्हणून दोर न लावता ग्लेशियरवर भटकायचं नाही, भेगा वरून दिसत नाहीत.

तू टाकलेल्या फोटोत फक्त रंगाची बाजू दिसते आहे. मागच्या बाजूचा, पट्टी शेजारी ठेवून, एक फोटो टाक.