१.२ लिटर पेट्रोल गाडीला जाड एक्झॉस्ट पाइप लावला तर पॉवर आणि टॉर्क वाढेल का?

नाही, नुसता जाड पाइप टाकून आवाज वाढेल, पण खालच्या आरपीएमचा (इंजिन सावकाश फिरतानाचा) टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, उलट कमीच होईल. मी इंदूरला गॅरेजमध्ये हेच काम करतो, अशा गाड्या राजवाड्याच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये अगदी मरगळल्यासारख्या ओढतात. कारण असं की जळालेला गॅस झटक्याझटक्याने बाहेर पडतो, पाइप मापातला असला की त्याचा वेग टिकतो आणि त्याच्या मागे कमी दाब तयार होऊन सिलिंडरमधला उरलेला गॅसही ओढला जातो, म्हणजे ताजं मिश्रण जास्त भरतं. पाइप फार रुंद केला तर वेगच मरतो. लोक म्हणतात इंजिनला बॅकप्रेशर (एक्झॉस्टमध्ये अडून मागे येणारा दाब) हवं असतं, ते चूक आहे हो, हवा असतो तो वेग. खरा फरक हेडरने, म्हणजे सिलिंडरमधून निघणारे पाइप एकत्र जोडणाऱ्या भागाने पडतो:
- ४-२-१ (चार पाइपचे आधी दोन, मग एक) : मधल्या आरपीएमला टॉर्क, शहरात आणि घाटात बरा
- ४-१ (चारांचा थेट एक) : वरच्या आरपीएमला पॉवर

टर्बो गाडीचं (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा असलेली) मात्र वेगळं, तिथे टर्बोतून गॅस बाहेर पडल्यानंतरचा पाइप मोकळा केला की फायदा होतो. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला विषारी गॅस कमी करणारा भाग) कृपा करून काढू नका, पीयूसीत अडकाल आणि धूर सगळ्यांच्याच नाकात जातो.