अदलाबदल जरूर भरवा, पण कोंबड्या पटांगणात आणू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला. चौदा घरं, कुणाकडे कोंबडे जास्त तर कुणाकडे तलंगा (तरुण कोंबड्या), बचत गटातल्या बायकांची लोणची-पिठं, आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी देवळासमोर सगळ्यांनी जमायचं. "कोंबड्या सगळ्यांच्या ठणठणीत आहेत, फक्त भाव कसे लावायचे आणि मांडणी कशी करायची ते सांगा," असं तुम्ही लिहिलंय. सात वर्षांपूर्वी मीही अगदी हेच विचारत फिरत होते. म्हणून भावाचं थोडक्यात सांगते आणि तुम्ही न विचारलेल्या गोष्टीवर जास्त बोलते.

भाव आम्ही अंड्यांत लावले. पैशात लावले की प्रत्येक जण बाजारातला भाव सांगतो आणि वाद होतो. आमच्याकडे अंड्यावर आलेली तलंग म्हणजे चाळीस अंडी, किलोभर कुळथाचं पीठ म्हणजे बारा आणि कोकमाच्या आगळाची बाटली पंधरा असं धरलं होतं. एका वहीत कुणी काय दिलं, काय घेतलं आणि किती अंडी बाकी राहिली ते लिहायचं. बाकी राहिलेली अंडी लोक महिन्याभरात फेडतात. यात कधी अडचण आली नाही.

आता मुख्य गोष्ट. आम्ही शिमग्याच्या आदल्या रविवारी अदलाबदल ठेवली होती. देवळामागच्या आंब्याखाली अकरा घरांच्या कोंबड्या डालग्यांत घालून शेजारी शेजारी ठेवल्या. पाण्याला दोनच परळ, तेच सगळ्यांपुढे फिरत होते. एका घरच्या काळ्या-पांढऱ्या कोंबड्याच्या नाकातून पाणी येत होतं. तो शिंकला की घरधनीण पदराने त्याची चोच पुसायची आणि म्हणायची, "प्रवासाने झालंय." प्रवास कसला, पलीकडच्या आळीतून तर आणला होता! मी तिथेच उभी होते. मी पाहिलं आणि गप्प बसले. एवढ्या हौसेने आलेल्या बाईला परत कसं पाठवायचं, असं वाटलं. माझी सगळ्यात मोठी चूक तीच.

संध्याकाळी जो तो आपापली नवी कोंबडी घेऊन घरी गेला आणि जुन्यांच्या खुराड्यात सोडून मोकळा झाला. शुक्रवारी पहिला निरोप आला. मग माझ्याच परसात माझी सगळ्यात चांगली अंडी देणारी तांबडी पंख लोंबवून कोपऱ्यात बसली. हिरवट-पांढरी पातळ विष्ठा. दुसऱ्या दिवशी तिची मान पिळली गेली, तोंड आभाळाकडे. दाणा टिपायला जायची तर चोच भलतीकडेच पडायची. मानमोडी, म्हणजे राणीखेत. दहा दिवसांत वाडीतल्या बेचाळीसपैकी एकतीस कोंबड्या गेल्या. त्यातल्या नऊ एका एकट्या राहणाऱ्या आजींच्या होत्या आणि त्यांचा मिठामिरचीचा खर्च त्या अंड्यांवर चालायचा.

हे टळलं असतं, आणि याचाच राग मला आजही येतो. महिनाभर आधी मी लस मागायला एका कार्यालयात गेले होते. नाव घेत नाही. तिथे सांगितलं, "बाटली शंभर डोसची असते, तुमच्या चाळीस कोंबड्यांसाठी फोडता येणार नाही." बाटली एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, हे खरं आहे. पण शेजारच्या दोन वाड्या मिळवून शंभर कोंबड्या करा, मी तारीख देतो, एवढं एक वाक्य बोलायला कुणाचं काय जात होतं? पुढे कोंबड्या मरायला लागल्या तेव्हा ताजी मेलेली कोंबडी पिशवीत घालून, बर्फ भरलेल्या डब्यातून एसटीने तिथे नेली. डॉक्टर रजेवर. "सोमवारी या. गावठीसाठी कशाला एवढी धावपळ?" सोमवारपर्यंत तिच्यात तपासण्यासारखं काय उरणार? तपासणी झालीच नाही आणि गावात "बर्ड फ्लू" म्हणून बोंब उठली. आमच्या वाडीची अंडी दोन महिने कुणी घेतली नाहीत. रोग कोणता हे कागदावर आलं असतं तर निदान तेवढं तरी वाचलं असतं. सगळीच कार्यालयं अशी नसतात. पुढे आम्हाला भेटलेले पशुधन पर्यवेक्षक स्वतःच्या दुचाकीवर थर्मास घेऊन वाडीत आले होते.

तेव्हा माझं स्पष्ट मत ऐका. देवळासमोर पिठं, लोणची, रोपं, अंडी येऊ द्यात. कोंबडी येऊ नये. तिथे फक्त वहीत सौदा लिहायचा. पक्षी नंतर एका घरातून थेट दुसऱ्या घरात जाईल आणि तिथे तीन आठवडे वेगळ्या खुराड्यात राहील. त्याचं दाणापाणी आपल्या कोंबड्यांचं झाल्यावर, शेवटी करायचं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला पाच-सहा दिवस लागतात, कधी पंधराही. म्हणून आज ठणठणीत दिसणाऱ्या कोंबडीवर माझा विश्वास नाही.

त्याहून बरं म्हणजे अंड्यांचीच अदलाबदल करा. तुमच्याकडे खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी असेल तर दुसऱ्याच्या चांगल्या वाणाची दहा-बारा अंडी तिच्याखाली ठेवा, एकविसाव्या दिवशी पिल्लं. अंडी आठवड्याच्या आतली हवीत, धुतलेली नकोत, फ्रीजमधली नकोत, आणि निमुळतं टोक खाली ठेवून साठवलेली असावीत. अंड्यातूनही काही रोग येतात, नाही असं नाही, म्हणून ज्या घरात कोंबड्या आजारी आहेत तिथली घेऊ नका. वनराजा-गिरिराजाची अंडी मात्र यासाठी नकोत. ते संकरित वाण आहेत, पुढच्या पिढीत ते गुण तसेच उतरत नाहीत.

राणीखेतच्या लशीचं: पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा नावाच्या लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि सहा ते आठ आठवड्यांची झाली की आर-टू-बी या दुसऱ्या लशीचं इंजेक्शन. आजारी कोंबडीला टोचू नये. आधी जंताचं औषध द्यावं. अंड्यावरची कोंबडी लशीनंतर काही दिवस अंडी कमी देते, घाबरू नका. मी डॉक्टर नाही, तुमच्या भागातल्या पशुवैद्यकांनी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका. पण बाटली शंभराची आहे म्हणून परत पाठवलं तर माझ्यासारखं मुकाट्याने येऊ नका. त्या बाटलीची किंमत एका कोंबडीपेक्षा कमी असते. उरलेले डोस फेकावे लागले तरी परवडतं.

आणि "परसातल्या कोंबड्यांना काय होतंय" हे मनातून काढा. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ मध्ये आपल्याच नवापूरला. ती मोठी पोल्ट्रीची जागा, मान्य. पण २०२५ च्या जानेवारीत उरणजवळच्या चिरनेरला तो आला तेव्हा घरोघरच्याच कोंबड्या होत्या. बर्ड फ्लू निघाला की एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारतात, आणि भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून आसपास कावळे, बगळे किंवा कोंबड्या एकदम मरत असतील तर अदलाबदल सरळ रद्द करा आणि जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या मदत क्रमांकावर फोन करा.

जिन्नसांबद्दल दोनच गोष्टी. प्रत्येक बाटलीवर केल्याचा महिना लिहून घ्या, "घरचंच आहे" हे पुरेसं नाही. आमच्याकडे एकीच्या लोणच्याला बुरशी आली ती बाटली उन्हात न वाळवता भरल्यामुळे, आणि नाव सगळ्या गटाचं खराब झालं. पुढे पैसे घेऊन विकायचं मनात असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी करून टाका. आम्ही केली तेव्हा वर्षाला १०० रुपये लागले होते.

लस टोचल्यावर कोंबडीच्या अंगात रोगाशी लढायची ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे दसऱ्यानंतरच्या रविवारसाठी तुमचं लसीकरण गणपती गेल्यावर लगेच व्हायला हवं. आज दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात शिरल्या की चौदाही घरी मोजून घ्या. आकडा शंभराच्या खाली आला तर उद्याच शेजारच्या वाडीत विचारायला जा.