वाईनची बाग आणि नैसर्गिक शेती

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची सहा एकर वाईनद्राक्षांची बाग आणि लहानशी वायनरी असून वडील, काका व आम्ही दोघे भाऊ ती चालवतो. रासायनिक फवारण्या थांबवाव्यात आणि वाईनमध्ये बाहेरचे यीस्ट व सल्फाइटही (वाईन टिकवणारे रसायन) घालू नये, असे आम्हा भावांना वाटते; डाऊनी (केवडा) रोगाने बाग हातची जाईल, अशी वडिलांना धास्ती आहे. सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, दिंडोरी

उत्तर : वडिलांची धास्ती रास्त आहे. परतीचा पाऊस लांबला आणि फुटवे कोवळे असतानाच पाने ओली राहिली, की डाऊनी घडापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही; म्हणून फळछाटणीची घाई टाळावी आणि फुटव्यांची विरळणी वेळेवर करून घडाभोवती हवा खेळती ठेवावी. खाण्याच्या द्राक्षांसारखे मणी फुगवायचे नसल्याने आपल्याला जिबरेलिक ॲसिड या वाढ-संप्रेरकाची गरज नाही, ही आपली मोठी जमेची बाजू आहे. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आदींचे आंबवलेले द्रावण) जमिनीसाठी अवश्य वापरावे, मात्र त्याने डाऊनी थांबेल या भरवशावर बाग सोडू नये. त्यासाठी मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीतही मान्य आहे; पण त्यातील तांबे मातीत साचत जाते, आणि म्हणूनच युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. आपणही प्रत्येक फवारणीतील तांब्याची नोंद ठेवावी.

ओळींमध्ये हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा घेऊन तो फुलोऱ्यापूर्वी गाडावा. वायनरीतील साली, बिया व देठांचा चोथा आम्लधर्मी असतो, तेव्हा तो शेणासोबत चांगला कुजवूनच बागेत परत घालावा.

सारी बाग एकाच हंगामात बदलू नये. बहुवर्षीय पिकाला सेंद्रिय प्रमाणपत्रापूर्वी साधारण तीन वर्षांचा रूपांतरणकाळ लागतो, आणि एवढा काळ घटलेले उत्पादन सोसणे एका कुटुंबाला जड जाते. उत्तम निचऱ्याचा, शेजारच्या फवारणीपासून दूर असलेला एक प्लॉट निवडावा आणि तो कोणता, हे वडिलांनाच ठरवू द्यावे; बागेतील ओल कोठे साचते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

वायनरीत मात्र यीस्ट आणि सल्फाइट हे दोन्ही एकदम सोडू नयेत. यीस्टपासून सुरुवात करावी : मुख्य तोडणीच्या काही दिवस आधी निरोगी घड तोडून त्यांचा थोडा रस सालींवरील यीस्टनेच आंबू द्यावा, त्याचा वास व चव स्वच्छ असेल तरच विरजणासारखा तो टाकीत घालावा. सल्फाइटबाबत अधिक सावध राहावे, कारण फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात द्राक्षांतील आम्ल लवकर उतरते, पीएच (आम्लता कमी झाली की वाढणारा अंक) वाढतो आणि नको ते जिवाणू फोफावतात. वाढलेल्या पीएचवर सल्फाइटही कमी प्रभावी ठरते. त्यामुळे तोडणी पहाटे उरकावी, साखरेबरोबर पीएचही रोज मोजावा आणि सल्फाइटविरहित प्रयोग एका लहान टाकीपुरताच ठेवावा. ती वाईन सतत थंड ठेवून लवकर विकावी.