वाचकांचे प्रश्न : नातीची उंची आणि पातळ पेज

प्रश्न : माझी नात दीड वर्षाची आहे. वजन ९ किलो असल्याने आम्ही निश्चिंत होतो. परंतु अंगणवाडीत तिची लांबी ७४ सेंटिमीटर भरली आणि ताईंनी वयाच्या मानाने उंची कमी असल्याचे सांगितले. सकाळी ती चहात बुडवलेला पाव खाते, दोन्ही वेळा उकड्या तांदळाची पेज घेते, आईचे दूधही चालू आहे. आमच्या घराण्यात सगळेच ठेंगणे आहेत. काळजी करावी का? — एक आजी, सत्तरी तालुका, गोवा

उत्तर : करावी, आणि तुम्ही वेळेवर विचारलेत. दीड वर्षाच्या मुलीची लांबी साधारण ८०.७ सेंटिमीटर असते आणि ती ७४.९ च्या खाली असल्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या मापदंडानुसार वाढ खुंटली असे मानतात. दोन वर्षांखालील मूल निजवूनच मोजायचे असते. नातीला उभी करून मोजले असल्यास ०.७ सेंटिमीटर मिळवावे लागतील; तरीही ती रेषेखालीच राहते.

घराण्याच्या चणीबद्दल सांगायचे तर, हे मापदंड ठरवण्यासाठी १९९७ ते २००३ या काळात भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुले मोजली गेली, आणि पोटभर अन्न, आईचे दूध व स्वच्छता लाभलेली ही मुले पहिल्या पाच वर्षांत जवळपास सारखीच वाढली. म्हणून या वयात सगळा दोष आनुवंशिकतेवर टाकणे मला पटत नाही. गोव्यासारख्या सधन राज्यातही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील खुंटलेल्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५.८ टक्के झाले. ही बाब मला फार अस्वस्थ करते.

आता ताटाकडे वळू. पेज वाईट नव्हे, पण ती बहुतांशी पाणी असते. लहानग्या पोटात वाटीभर पेज गेली की भूक भागते आणि वाढीला लागणारी प्रथिने, लोह, जस्त मात्र मिळत नाहीत. तेव्हा निवळ (पेजेचे वरचे पाणी) बाजूला ठेवून शिते मऊ कुस्करावीत, त्यांत शिजवलेले मूग किंवा अळसांदे (चवळीचा प्रकार), चिरलेली तांबडी भाजी (लाल माठ) आणि चमचाभर खोबरेल तेल घालावे. घास चमच्यावरून ओघळू नये इतका घट्ट असावा. शाकाहारी नसाल तर रोज एक उकडलेले अंडे, किंवा काटे बोटांनी चाचपून काढलेला तारल्याचा वा बांगड्याचा तुकडा द्यावा. त्यासाठी महाग मासळी मुळीच लागत नाही. सुकी मासळी खारट असल्याने टाळावी. नाचणी मोड आणून, वाळवून, भाजून दळली तर तिची खीर जास्त पीठ घालूनही पातळ राहते, म्हणजे तेवढ्याच वाटीत अधिक अन्न जाते. असे खाणे दिवसातून तीन-चार वेळा, मध्ये केळे, आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत व पुढेही चालू ठेवावे. चहा मात्र आजच बंद करा, कारण त्यामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही.

जुलाब वा ताप आला की घरोघरी मुलाचे खाणे तोडतात. तसे न करता थोडे-थोडे भरवत राहावे आणि बरे झाल्यावर काही दिवस एक वेळचे जेवण वाढवावे. वारंवार जुलाब होत असतील तर विहिरीचे पाणी उकळून द्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे रक्त तपासून घ्यावे आणि जंतनाशक औषधाविषयी विचारावे. दर महिन्याला वजनाबरोबर लांबीही कार्डावर नोंदवून घ्या. दोन-तीन महिन्यांत रेषा वर वळली नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.