आधी मीटरचा निकाल, मग कंपनीचा बदल

बोरिवलीच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. थोडक्यात असे:

"मी पोस्टातून निवृत्त झालो. घरी आम्ही दोघेच. गेल्या गणपतीत आम्ही चिपळूणला गावी असताना वीज कंपनीने जिन्याखालचा आमचा मीटर काढून तिथे स्मार्ट मीटर लावला. पावतीवर वॉचमनची सही आहे. आधी महिन्याला साधारण 210 युनिट यायची, आता 285 च्या घरात येतात. तक्रार केली तर दोन महिन्यांनी उत्तर आले, की जुना मीटर 18 टक्के हळू चालत होता, त्यामुळे मागच्या 30 महिन्यांचे 11,400 रुपये भरा. वैतागून दुसऱ्या कंपनीकडे जायचा अर्ज भरून ठेवला आहे. जुनी कंपनी म्हणते आधी थकबाकी भरा, नवी म्हणते आमचाही मीटर स्मार्टच असेल. इंग्लंडमधला पुतण्या सांगतो, तिकडे कंपनी बदलली की स्मार्ट मीटर मुका व्हायचा. हा मीटर नाकारता येतो का? रात्री-बेरात्री कोणी लांबून बटण दाबून वीज तोडेल का? पैसे भरून मोकळा होऊ का? तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे, स्पष्ट सांगा."

काका, नमस्कार. स्पष्टच सांगते. 11,400 रुपये भरून मोकळे होऊ नका, आणि नव्या कंपनीचा अर्जही अजून देऊ नका. तुमच्या पत्रात दोन्ही कंपन्यांची नावे आहेत, ती इथे घेत नाही. जुनी आणि नवी एवढे म्हणले तरी पुरे.

अर्ज थांबवा असे मी का म्हणते? कंपनी बदलली की बहुतेक वेळा मीटरही बदलतो, जुने खाते बंद होते आणि तुमच्या बाजूचा पुरावा दुसऱ्याच्या गोदामात जातो. कांदिवलीला शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचे प्रकरण मी पाहिले. त्यांच्यावरही 'मीटर हळू' म्हणून मोठे बिल आले होते. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा जुना मीटर भंगारात गेला होता आणि चाचणीचा कागद कोणाकडेच नव्हता. मागणी शेवटी कमी झाली, पण त्यात पावणेदोन वर्षे गेली आणि एवढा काळ त्यांच्या प्रत्येक बिलावर थकबाकीचा आकडा छापून येत राहिला. तुमच्या मीटरला अजून फार दिवस झालेले नाहीत, म्हणून घाई करा. घाई कंपनी बदलायची नाही, मीटर राखून ठेवायची.

आता त्या 11,400 रुपयांकडे येऊ, कारण तुमची खरी बाजू तिथे आहे. जुन्या कंपनीचा हिशेब मी मांडून पाहिला. 18 टक्के हळू मीटरवर 210 युनिट दिसली, तर खरी 256 झाली. म्हणजे महिन्याला 46 युनिट कमी नोंदली गेली. त्याचे साधारण 380 रुपये, आणि 30 महिन्यांचे 11,400. गणित बरोबर आहे, पण नियम वेगळे सांगतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या 2021 च्या वीजपुरवठा संहितेतला विनियम 16.4.1 म्हणतो, की मीटर सदोष निघाला तर चाचणीच्या निकालानुसार बिल दुरुस्त करायचे, पण वाद उभा राहिला त्या महिन्याच्या आधीचे जास्तीत जास्त तीन महिने. आणि दुरुस्त बिलासोबत चाचणी अहवाल द्यायचा. तीस नाही, तीन. म्हणजे त्यांचे 18 टक्के जसेच्या तसे मान्य केले तरी रक्कम होते 1,140 रुपये.

आणि ते 18 टक्के तरी का मान्य करायचे? तुम्ही पाठवलेल्या पत्रात एकच ओळ आहे, "तपासणीत मीटर 18 टक्के मंद आढळला." तपासणी कधी झाली, कुठल्या प्रयोगशाळेत, कोणासमोर, मीटरचे सील शाबूत होते का, काही नाही. अहवाल जोडलेला नाही, तुम्हाला बोलावलेही नव्हते. वीज कायदा, 2003 चे कलम 163 कंपनीच्या माणसाला मीटरपर्यंत यायचा अधिकार देते, पण तिथे राहणाऱ्याला कळवून, आणि वाजवी वेळी. वॉचमन तुमचा मुखत्यार नाही. त्याने सही केली म्हणून तुम्ही शेवटचे रीडिंग मान्य केले असे होत नाही.

पण एक गोष्ट चांगली झाली. शेजारच्या मुलीने त्या दिवशी सहज म्हणून दोन्ही मीटरचा मोबाइलवर फोटो काढला. तो मी मोठा करून पाहिला. जुन्या मीटरवर 18,610 दिसते आणि त्याचा क्रमांकही वाचता येतो. पावतीवर पेन्सिलीने लिहिलेला आकडाही 18,610 च आहे. आधीच्या बिलावर 18,452 होते, म्हणजे जुन्या मीटरची 158 युनिट बाकी होती. त्यात नव्या मीटरची 172 मिळवून पुढचे बिल 330 युनिटचे आले आणि तुम्हाला धक्का बसला. बिलावरच्या तारखा नीट पाहा, ते बिल 47 दिवसांचे आहे! 30 दिवसांच्या हिशेबाने 300 च्या वरची 30 युनिट महागड्या स्लॅबमध्ये, म्हणजे दराच्या वरच्या टप्प्यात, जातात. 47 दिवसांच्या प्रमाणात स्लॅब धरले, तर पहिल्या स्लॅबची 100 ची मर्यादा 157 च्या आसपास जाते आणि दुसऱ्याची 300 ची 470 वर. मग एकही युनिट तिसऱ्या स्लॅबला लागत नाही. तक्रारीत हा मुद्दा वेगळा लिहा. रक्कम लहान आहे, पण चूक त्यांच्याच कागदावर दिसते, त्यामुळे ती नाकारता येणार नाही.

तुम्हाला न आवडणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. जुना मीटर खरोखर हळू असेल, तर आता 256 युनिट दिसणे बरोबरच आहे. वाद उरतो तो 256 आणि 285 मधल्या 29 युनिटचा. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांची बिले शेजारी ठेवून पाहा. घरात नवा गीझर, एसी काही आले का तेही आठवा. तरीही फरक सुटला नाही तर पडताळणी मीटर मागा. वीज (ग्राहकांचे हक्क) नियम, 2020 मध्ये 2024 साली दुरुस्ती झाली. ग्राहकाने रीडिंगबद्दल तक्रार केली, की पाच दिवसांत दुसरा मीटर जोडून किमान तीन महिने दोन्हींचा वापर ताडून पाहायचा, असे ती सांगते. कंपनी बदलली तर ही संधी जाते. अर्ज खणात ठेवा म्हणते ते यासाठीही.

वीज तोडण्याच्या भीतीबद्दल. कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मीटर लांबून बंद करता येतो म्हणून नोटीस माफ होत नाही. त्याच कलमात तुमच्यासारख्यांसाठी सोय आहे. वाद असेल तर मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने त्या-त्या महिन्याचे होणारे बिल, यातले जे कमी असेल ते निषेध नोंदवून भरायचे. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तुमची सरासरी 2,400 च्या आसपास आहे. ती दरमहा वेळेवर भरत राहा, एकही महिना चुकवू नका.

आणि काकूंना एक निरोप द्या. "आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला तर फोन करायचा नाही, लिंक उघडायची नाही, ओटीपी सांगायचा नाही. तो मेसेज कंपनीचा नसतो, चोराचा असतो. स्मार्ट मीटरच्या धास्तीने आता जास्त लोक त्याला फसतात. माझ्याकडे आलेल्या एका आजींच्या खात्यातून असेच पेन्शनचे पैसे गेले, म्हणून हे कळवळून सांगते.

दोन वर्षांपेक्षा जुनी थकबाकी मागताच येत नाही असे तुमच्या मित्राने सांगितले, ते अर्धेच बरोबर आहे. कलम 56(2) मध्ये ती मुदत आहे, पण रहमतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली म्हटले, की रक्कम देय होते ती बिल काढल्यावर, आणि चुकीने राहून गेलेली रक्कम मुदतीनंतरही मागता येते. फक्त तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. म्हणून दोन वर्षांवर भिस्त ठेवू नका. तुमचा आधार तीन महिन्यांचा विनियम आहे. मात्र छेडछाडीचा आरोप झाला तर प्रकरण कलम 126 (विजेचा अनधिकृत वापर) किंवा 135 (वीजचोरी) कडे जाते आणि तीन महिन्यांची ही ढाल तिथे चालत नाही. "सील तुटलेले होते" वगैरे लिहिलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका, मग तो कितीही साध्या चेहऱ्याने पुढे केलेला असो.

मीटर नाकारता येतो का? सरसकट नाही. 2020 च्या नियमांत मुळातच लिहिले आहे, की जोडणी मीटरशिवाय द्यायची नाही आणि तो मीटर स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेड असावा, त्याला अपवाद करायचा तर आयोगाने कारणे नोंदवून करावा. जून 2024 मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असे जाहीर केले, त्याचे कात्रण तुम्ही पाठवले आहे. पण ग्राहक तक्रार निवारण मंचापुढे घोषणा टिकत नाही, तिथे नियम आणि आयोगाचा आदेश लागतो. तुमचे बिल महिन्याच्या शेवटी येते, म्हणजे मीटर स्मार्ट असला तरी खाते पोस्टपेड आहे. नव्या कंपनीकडूनही खाते पोस्टपेडच राहील असे लेखी घ्या. उद्या कोणी प्रीपेड केलेच, तर कलम 47(5) प्रमाणे सुरक्षा ठेव मागता येत नाही, आधी भरलेली परत मागा.

पुतण्याचे म्हणणे खरे आहे. ब्रिटनमध्ये पहिल्या पिढीचे स्मार्ट मीटर पुरवठादार बदलल्यावर नव्या कंपनीशी बोलत नसत, लोकांना पुन्हा हाताने रीडिंग पाठवावे लागे. पुढे ते एका सामाईक जाळ्यावर आणायला सुरुवात झाली. मुंबईची गोष्ट वेगळी आहे. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला मुंबईत किरकोळ ग्राहकांना वीज विकता येते असा निकाल दिला, आणि ऑक्टोबर 2009 मध्ये आयोगाने तारा जुन्या कंपनीच्या ठेवून पुरवठादार बदलायची पद्धत घालून दिली. म्हणून अर्ज द्याल तेव्हा तारा कोणाच्या राहणार, मीटर कोणाचा बसणार आणि बिघडला तर तक्रार कोणाकडे, हे तिन्ही लेखी विचारा. एका युनिटचा दर तुलनेला घेऊ नका, तारांचे वहन शुल्क आणि अधिभार धरून पूर्ण बिल पाहा. महिना शे-दीडशेच वाचत असतील, तर ही खटपट करायची का तेही दोघे मिळून ठरवा.

मीटरवरून घरातले सगळे कळते का, ही काळजीही तुम्ही लिहिली आहे. मीटरला टीव्ही लागला की मिक्सर हे कळत नाही, पण अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद पाहिली तर घरी माणूस आहे की नाही याचा अंदाज येतो. तुमची काळजी रास्त आहे. पण ही नोंद तुमच्याही उपयोगाची आहे. खाते चालू आहे तोवर अॅपमधून किंवा लेखी मागून सगळी नोंद काढून घ्या. त्या गणपतीत घर बंद होते, तेव्हा नव्या मीटरने किती युनिट दाखवली? फ्रिजपुरती असतील तर मीटर बहुधा ठीक आहे. बंद घरात रोज आठ-नऊ युनिट दिसत असतील, तर याच्याहून चांगला साक्षीदार नाही.

आधी कंपनीच्या तक्रार कक्षात जा. तिथे न्याय मिळाला नाही तर कलम 42 खालच्या ग्राहक तक्रार निवारण मंचात, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे. वकिलाची फी घालू नका, तुमचे कागद आणि तुमचे अक्षर दोन्ही नीट आहेत.

उद्या सकाळी द्यायचे पत्र असे लिहा: "जुना मीटर क्रमांक अमुक हा वादातील पुरावा असल्याने नष्ट करू नये व भंगारात देऊ नये. त्याची चाचणी माझ्या उपस्थितीत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करावी. झालेल्या चाचणीचा अहवाल व मीटर बदलीचा अहवाल द्यावा. 11,400 रुपयांची मागणी विनियम 16.4.1 विरुद्ध असल्याने मला अमान्य आहे. सध्याच्या मीटरशेजारी पडताळणी मीटर बसवावा. मासिक रक्कम निषेध नोंदवून भरत आहे." सोबत फोटोची प्रत लावा. दोन प्रती न्या. तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. "साहेब जेवायला गेलेत" म्हणाले तर बसून राहा.